गंधक आहे हे कळलं, पण ते रेणूत काय करतंय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका समुद्री स्पंजच्या अर्कातली एक फ्रॅक्शन (अर्कातून वेगळा काढलेला एक भाग) आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी कमी मात्रेत मारते. मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानांच्या आलेखात, गंधकाची खूण दिसते. तोच नमुना डीएमएसओ या द्रावकात विरघळवून फ्रीजरमध्ये ठेवला आणि दोन महिन्यांनी पुन्हा तपासला, तर क्रिया जवळपास निम्म्यावर आली. गाईड म्हणतात, गंधक आहे म्हणजे डायसल्फाइड (दोन गंधक अणूंमधला बंध) असणार आणि डायसल्फाइड म्हणजे जोरदार संयुग. क्रिया खरंच गंधकामुळे आहे का, आणि पीएचडीची पुढची वर्षं याच फ्रॅक्शनमागे घालवावीत का, हे तुम्हाला हवंय.

तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात मला सर्वात मोलाची वाटली ती क्रिया घटल्याची गोष्ट. तुम्ही ती अडचण म्हणून सांगितली आहे, पण गंधकाच्या बाबतीत नमुन्याचं असं बदलणं हाच पहिला धागा असतो. तुमच्यापुढचा खरा प्रश्न ‘गंधक आहे की नाही’ हा नाही. ते कोणत्या रूपात आहे आणि त्या रेणूत कोणतं काम करतंय, हा आहे. त्याचं उत्तर मिळेपर्यंत ‘जोरदार’ किंवा ‘फालतू’ दोन्ही म्हणता येत नाही.

समुद्रात गंधकाची टंचाई कधीच नसते. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण २.७ ग्रॅम सल्फेट असतं. ऋण आयनांमध्ये क्लोराइडच्या खालोखाल त्याचाच नंबर. जिवाणू, शैवाल, स्पंज, ॲसिडियन (खडकांना चिकटून राहणारे पिशवीसारखे समुद्री प्राणी) या सगळ्यांना कच्चा माल हाताशी आहे. शिवाय गंधकाची ऑक्सिडीकरण अवस्था -२ पासून +६ पर्यंत कुठेही असू शकते. त्यामुळे ‘समुद्री गंधकयुक्त संयुगं’ असा एक गट मानणं मुळातच चुकीचं आहे. सल्फेट एस्टर (ऑक्सिजनने वेढलेलं गंधक) आणि थायॉल (हायड्रोजन जोडलेलं गंधक) यांच्यात गंधक सोडून समान असं फारसं काही नाही. एक पाण्यात ओढला जातो, पेशीच्या पटलातून सहज आत शिरत नाही. दुसरा धातूला चिकटतो, हवेत ऑक्सिडाइझ होतो, प्रथिनांशी देवाणघेवाण करतो.

कामं किती वेगवेगळी असू शकतात ते पाहा. कोनस मॅगस या शंखाच्या विषातला झिकोनोटाइड हा २५ अमिनो आम्लांचा पेप्टाइड आहे. त्यात सहा सिस्टीन, म्हणजे तीन डायसल्फाइड बंध. ते बंध टाक्यांसारखे साखळीला एका ठरावीक आकारात धरून ठेवतात, आणि त्या आकारामुळेच तो मज्जारज्जूतल्या एन-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या बंद करतो. २००४ मध्ये अमेरिकेत तो तीव्र वेदनांसाठी मंजूर झाला; मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात थेट सोडावा लागतो. इथे गंधक लक्ष्याला हातही लावत नाही. बंध तोडले की आकार गेला आणि आकारासोबत क्रियाही गेली.

आता सॅमाप्लिन ए घ्या. स्पंजातूनच १९८७ मध्ये सापडलेलं, दोन ब्रोमिनयुक्त टायरोसिनचे तुकडे मध्ये एका डायसल्फाइडने जोडलेलं. इथे बंध तुटणं हीच क्रियेची सुरुवात असते. पेशीत ग्लुटाथायोन १ ते १० मिलिमोलर इतकं असतं; ते डायसल्फाइड तोडतं, थायॉल मोकळा होतो आणि हिस्टोन डीअॅसिटिलेज या, जनुकांच्या चालू-बंद होण्यावर परिणाम करणाऱ्या एन्झाइममधल्या जस्ताला जाऊन बसतो. समुद्री सायनोबॅक्टेरियातून मिळालेलं लार्गाझोल (२००८, फ्लोरिडातल्या की लार्गोवरून नाव) त्याच जस्तावर जातं, पण तिथे थायॉल झाकलेला असतो तो थायोएस्टरने. जमिनीवरच्या जिवाणूतून आलेलं आणि २००९ मध्ये औषध म्हणून मंजूर झालेलं रोमिडेप्सिन हेच काम डायसल्फाइड वापरून करतं. तिन्ही ठिकाणी थायॉल आधी झाकलेला आणि पेशीत उघडणारा. निसर्गाने हा उपाय वेगवेगळ्या वाटांनी गाठलाय, म्हणून मला तो विशेष आवडतो.

तिसरा प्रकार म्हणजे ज्याचं गंधक थेट मोडतोड करतं. फिजीतल्या लिसोक्लिनम व्हॅरो या ॲसिडियनमधून १९९१ मध्ये व्हॅरासिन मिळालं. बेंझीनच्या वलयाला पाच गंधक अणूंची साखळी जोडून बनलेलं वलय त्यात आहे. थायॉल भेटलं की ते वलय उघडतं आणि डीएनए तुटतो. गंधकाने भरलेले असे रेणू, तसंच बुरशींमध्ये (समुद्री बुरशींतही) मिळणारी ग्लायोटॉक्सिनसारखी एपिडायथायोडायकीटोपिपरॅझिन संयुगं, चाचणीत फार चमकतात. पण ती बहुतेक सगळ्याच पेशी मारतात. तुमच्या फ्रॅक्शनने कर्करोगाच्या पेशी मारल्या हे ऐकून मी पहिला प्रश्न विचारेन तो हा, की निरोगी पेशींचं काय झालं?

आणि गंधक नुसतं असतं, त्याच्यावाचून अडत नाही, अशीही उदाहरणं आहेत. डोलास्टॅटिन १० या पेप्टाइडच्या टोकाला थायाझोलचं (गंधक आणि नायट्रोजन असलेलं) वलय आहे. ते १९८७ मध्ये समुद्री ससा म्हणवणाऱ्या डोलाबेला ऑरिक्युलेरिया या गोगलगायीतून प्रसिद्ध झालं. पुढे तेच संयुग सायनोबॅक्टेरियात सापडलं, म्हणजे गोगलगायीला ते खाण्यातून मिळत असणार. त्यावरून बेतलेल्या एमएमएई या रेणूत थायाझोल काढून टाकला तरी ट्यूब्युलिन या पेशीविभाजनाला लागणाऱ्या प्रथिनावरची क्रिया टिकली. २०११ मध्ये मंजूर झालेल्या ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन या कर्करोगाच्या औषधात हाच रेणू प्रतिपिंडाला जोडलेला आहे. गंमत म्हणजे ती जोडणी प्रतिपिंडाच्या सिस्टीनमधल्या गंधकावरच आहे. म्हणजे ज्या गंधकापायी रसायनशास्त्रज्ञाने डोलास्टॅटिनकडे पाहिलं असतं, ते गळालं आणि औषध तरीही झालं.

ट्रॅबेक्टेडिन हे कर्करोगावरचं औषध या प्रकारांच्या मधलं. कॅरिबियन समुद्रातल्या एक्टिनॅसिडिया टर्बिनाटा या ॲसिडियनमधलं हे संयुग. त्यातलं गंधक सिस्टीनकडून आलेलं, दहा अणूंच्या वलयात थायोइथरच्या रूपात, म्हणजे दोन कार्बनच्या मध्ये बसलेलं. डीएनएमधल्या ग्वानिनशी बंध करणारा भाग दुसराच आहे. गंधकाचा पूल रेणूचा एक भाग योग्य जागी धरून ठेवतो. थायोइथर थायॉलइतका चंचल नसतो, पण ऑक्सिडीकरणाने त्याला एक ऑक्सिजन जोडला जाऊन सल्फॉक्साइड होऊ शकतो. हे तुमच्या घटलेल्या क्रियेसाठी लक्षात ठेवा.

सल्फेटवाले गट मी इथे थोडक्यात आटोपतो, कारण स्पंजातली सल्फेटयुक्त स्टेरॉइड्स सोडली तर तुमच्या फ्रॅक्शनशी त्यांचा संबंध कमी दिसतो. तरी दोन गोष्टी सांगायला हव्यात. सॅक्सिटॉक्सिन या समुद्री विषाच्या कुळात काही रेणूंवर सल्फो गट असतो आणि ते मूळ विषापेक्षा बरेच सौम्य असतात. आम्लात तापवले की तो गट गळतो आणि विषारीपणा वाढतो. म्हणजे अर्क काढण्याच्या पद्धतीवर निकाल बदलतो. उलट मेटोटॉक्सिन या दुसऱ्या समुद्री विषावरचे सल्फेट काढले तर विषारीपणा खूपच घटतो. दुसरी गोष्ट लाल शैवालातल्या कॅरागीननसारख्या सल्फेटयुक्त शर्करांची. प्रयोगशाळेत त्या अनेक विषाणूंना पेशीत शिरू देत नाहीत, पण ऋण भारामुळे त्या बऱ्याच प्रथिनांना सरसकट चिकटतात. कॅराग्वार्ड हे कॅरागीननचं जेल एचआयव्हीविरुद्ध दक्षिण आफ्रिकेत सहा हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये तपासलं गेलं आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात संरक्षण दिसलं नाही. ताटलीतल्या आकड्यावर वर्षं लावण्याआधी हे आठवावं.

आता तुमच्या नमुन्याकडे येऊ. इथून पुढचं बरंचसं तीन गोष्टींवर अवलंबून आहे: फ्रॅक्शन किती मिलिग्रॅम उरली आहे, मूळ स्पंज गोठवून ठेवलेला आहे का, आणि जवळ किती रिझोल्यूशनचं (जवळची वस्तुमानं वेगळी दाखवण्याच्या क्षमतेचं) मास यंत्र मिळतं. पाच मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर एनएमआरच्या (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना वाचण्याच्या तंत्राच्या) आधी मासची कामं उरका.

पहिलं म्हणजे गंधकाची ‘खूण’ नक्की काय आहे ते पुन्हा तपासा. बहुतेकजण मूळ शिखरापेक्षा दोनने जास्त असलेलं शिखर पाहून गंधक म्हणतात. गंधक-३४ या जड समस्थानिकामुळे ते शिखर मूळच्या साधारण साडेचार टक्के वाढतं, हे खरं. पण रेणूत तीस कार्बन असतील तर दोन कार्बन-१३ एकत्र येण्यानेच तिथे सुमारे पाच टक्के जमतात. मग नऊ-दहा टक्के दिसायला हवेत, आणि तेवढा फरक कमी तीव्रतेच्या स्पेक्ट्रममध्ये सहज हरवतो. खात्री करायची तर नेमकं वस्तुमान बघा. गंधक-३४ चं शिखर मूळपासून १.९९५८ वर येतं, दोन कार्बन-१३ चं २.००६७ वर. सहाशेच्या आसपास वस्तुमान असेल तर ही दोन वेगळी दिसायला ५५ हजारांच्या वर रिझोल्यूशन लागतं. ऑर्बिट्रॅपवर १ लाख २० हजारांवर चालवलं तर दिसतील. साध्या टाइम-ऑफ-फ्लाइटवर एकच रुंद शिखर मिळेल आणि तुम्ही फसाल.

दुसरी फसगत सूत्र बसवताना होते. एक गंधक आणि दोन ऑक्सिजन यांच्या वस्तुमानात फक्त ०.०१७८ चा फरक आहे. पाचशेच्या वस्तुमानाला तो सुमारे ३५ पीपीएम (दहा लाखात ३५ भाग) होतो. कॅलिब्रेशन नीट असेल तर ही चूक होऊ नये, पण यंत्राला दिलेल्या मूलद्रव्यांच्या यादीत गंधकच नसेल तर ते दोन ऑक्सिजनवालं सूत्र मोठ्या त्रुटीसह वर आणतं आणि घाईत आपण ते स्वीकारतो. स्पंज ब्रोमिन साठवणारा असेल तर अजून पंचाईत. दोन ब्रोमिनच्या १:२:१ अशा शिखरांखाली गंधकाचे साडेचार टक्के पार बुडून जातात. सॅमाप्लिन ए मध्ये दोन ब्रोमिन आणि दोन गंधक आहेत. नुसत्या आकृतीवरून त्यातलं गंधक कुणाला दिसणार नाही.

तिसरं, मूलद्रव्य गंधक. स्पंजात आणि त्याला चिकटलेल्या गाळात सल्फेट क्षपण करणारे जिवाणू असतात, आणि आठ अणूंचं गंधक अर्कात उतरणं नेहमीचं आहे. ते रिव्हर्स फेज कॉलमवरून उशिरा उतरतं, यूव्हीत छान दिसतं, पण इलेक्ट्रोस्प्रे या नेहमीच्या आयनीकरणात सहसा दिसत नाही. जीसी-एमएसवर (वायू क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मास यंत्रावर) २५६ आणि ६४ ही शिखरं मिळाली तर तेच समजा. अर्क सक्रिय केलेल्या तांब्याच्या चुऱ्यावर ठेवला की तांबं काळं पडतं आणि गंधक निघून जातं. मात्र थायॉलही तांब्याला चिकटतात, तेव्हा हे वेगळ्या काढलेल्या छोट्या भागावरच करा.

इतकं झालं की जुना आणि नवा नमुना एकामागोमाग एलसी-एमएसवर (द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मास यंत्रावर) चालवा. नवा म्हणजे कोरड्या फ्रॅक्शनमधून त्याच दिवशी विरघळवलेला. तुमचं पुढचं बरंचसं उत्तर या एका प्रयोगात आहे. जुन्या नमुन्यात वस्तुमान १५.९९५ ने वाढलेलं नवं शिखर असेल तर थायोइथरचं सल्फॉक्साइड झालं असण्याची शक्यता मोठी. मूळच्या दुप्पटीतून दोन हायड्रोजन वजा, असं शिखर आलं तर थायॉलचे दोन रेणू जोडले गेले. डीएमएसओ स्वतःच थायॉलचं सौम्य ऑक्सिडीकरण करतो, म्हणून त्यात थायॉल महिनोन्‌महिने ठेवू नये. ७९.९५७ ने कमी झालेलं शिखर असेल तर सल्फेट गळालं; क्रोमॅटोग्राफीत वापरलेलं ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल बाष्पीभवनात गाढ होत जातं आणि हा उद्योग करतं. आणि दोन्ही नमुन्यांत काहीच फरक नसेल? मग रसायन बदललेलं नाही. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतो, गोठवणं-वितळवणं झालं की संयुग खाली बसतं. नाहीतर पेशीच वेगळ्या पॅसेजच्या (वाढवण्याच्या वेगळ्या पिढीच्या) होत्या. तेव्हा गंधकाला दोष देऊ नका.

सल्फेटचा संशय असेल तर मास यंत्राचा निगेटिव्ह मोड (ऋण आयन मोजणारा) वापरा. पॉझिटिव्हमध्ये ते स्रोतातच गळून पडतं आणि सल्फेट नसलेला रेणूच खरा वाटायला लागतो. निगेटिव्हमध्ये ९६.९६० चा तुकडा बायसल्फेटचा. फॉस्फेटचा तसाच तुकडा ९६.९७० ला येतो, तेव्हा तिसऱ्या दशांशापर्यंत वाचा.

आता डायसल्फाइडची परीक्षा, जी गाईडसमोर ठेवायला सर्वात उपयोगी पडेल. फ्रॅक्शनचा थोडा भाग उदासीन बफरमध्ये डीटीटी किंवा टीसीईपी (डायसल्फाइड तोडणारी क्षपणकारकं) घालून अर्धा-एक तास ठेवा आणि मास घ्या. रेणूच्या आत वलय करणारं डायसल्फाइड असेल तर वस्तुमान २.०१६ ने वाढतं. दोन सारख्या अर्ध्यांना जोडणारं असेल तर रेणू दुभंगतो: सॅमाप्लिन ए ची ६६२, ६६४, ६६६ ही तीन शिखरं (आकडे प्रोटॉन न धरता, रेणूच्या वस्तुमानाचे) जाऊन ३३२ आणि ३३४ अशी जवळपास समान उंचीची दोन येतात, कारण आता प्रत्येक तुकड्यात एकच ब्रोमिन उरलं. मग आयडोॲसिटामाइड घाला. मोकळा झालेला प्रत्येक थायॉल ५७.०२१५ ने वजन वाढवतो, म्हणजे थायॉल किती ते मोजूनच मिळालं. टीसीईपी वापरलं असेल तर त्याचा आयडोॲसिटामाइडशी थोडा संयोग होतो, तेवढं जास्त घाला. यातलं काहीच झालं नाही तर डायसल्फाइड नाही; थायाझोल, थायोइथर, सल्फेट यांच्याकडे वळा.

क्षपण केलेला नमुना पेशींवर टाकून पाहण्याचा मोह होईल. पाहा, पण डीटीटी स्वतः पेशींना त्रास देतं, म्हणून छोट्या सी-१८ काट्रिजवरून ते धुऊन काढा आणि नुसत्या डीटीटीचा कंट्रोल ठेवा. निकाल वाचताना वर सांगितलेली दोन उदाहरणं समोर हवीत. झिकोनोटाइडसारख्या पेप्टाइडचं क्षपण केलं तर क्रिया जाते. सॅमाप्लिनसारख्याचं केलं तर ती सहसा टिकते, कारण पेशीनेही तेच केलं असतं. एकाच प्रयोगाचा अर्थ दोन ठिकाणी उलटा निघतो. म्हणून ‘क्षपणानंतर क्रिया गेली, म्हणजे गंधक महत्त्वाचं’ एवढंच लिहून थांबू नका. आकारामुळे गेली की रसायनामुळे, ते लिहा.

मघाशी निरोगी पेशींचं विचारलं, त्याच्या जोडीने एक चाचणी कॅटॅलेजची (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणाऱ्या एन्झाइमची) करा. थायॉल आणि काही डायसल्फाइड संवर्धन माध्यमातच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि पेशी त्याने मरतात. संयुग आत शिरतही नाही. माध्यमात कॅटॅलेज घालून क्रिया मोठ्या प्रमाणात घटली तर हे घडतंय. अशा संयुगामागे मी तरी विद्यार्थ्याला लावणार नाही, आकडा कितीही देखणा असला तरी.

जिवंत स्पंजात रेणू थायॉल होता की डायसल्फाइड, हा प्रश्न परीक्षक हमखास विचारतात. गोठवलेला स्पंज शिल्लक असेल तर अर्क काढताना मिथेनॉलमध्येच एन-एथिलमॅलीमाइड घालून एक समांतर अर्क काढा. मोकळा थायॉल तिथल्या तिथे पकडला जातो आणि वस्तुमान १२५.०४८ ने वाढतं. हा अर्क पेशींवर टाकायचा नाही, फक्त मासला. गंधकाचा थेट एनएमआर आपल्या कामाचा नसतो, पण शेजारच्या कार्बनचा असतो: सिस्टीनच्या बीटा कार्बनचं शिखर थायॉल असताना २८ पीपीएमच्या आसपास, डायसल्फाइड झाल्यावर ४० च्या आसपास. शुद्ध संयुग हातात आल्यावर हे दोन आकडे वाद मिटवतात.

मागे लागावं का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर माझं मत सरळ आहे. शुद्धीकरणाला हात घालण्यापूर्वी नेमकं वस्तुमान आणि तुकड्यांचे स्पेक्ट्रम मारिनलिट आणि जीएनपीएस या ओळखीच्या संयुगांच्या माहितीसाठ्यांवर तपासा. ओळखीचं संयुग निघालं तर महिने वाचतील. नवं असेल, कॅटॅलेज घालूनही क्रिया टिकत असेल आणि निरोगी पेशींपेक्षा कर्करोगाच्या पेशींवर स्पष्ट जास्त असेल, तर जरूर लागा, मग गंधक डायसल्फाइड असो वा नसो. मात्र पुरवठ्याचा विचार पहिल्या दिवसापासून करा. ट्रॅबेक्टेडिनच्या एका ग्रॅमसाठी साधारण एक टन ॲसिडियन लागत. रसायनशास्त्रज्ञ ई. जे. कोरींच्या गटाने १९९६ मध्ये त्याचं संपूर्ण संश्लेषण केलं, पण औषध रुग्णांपर्यंत आलं ते स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स या जिवाणूकडून किण्वनाने सायनोसॅफ्रॅसिन बी मिळवून, त्यावरून अर्धसंश्लेषण करून. युरोपात २००७, अमेरिकेत २०१५. मूळ संयुगही ॲसिडियन नव्हे तर त्यात राहणारा जिवाणू बनवतो असं दिसून आलंय. म्हणून स्पंजाचा एक तुकडा डीएनएसाठी वेगळा ठेवा. पुढे जनुकसमूह शोधायची वेळ आली तर तो लागेल, आणि मिथेनॉलमध्ये बुडवून ठेवलेला स्पंज त्या कामासाठी भरवशाचा नाही.

आज एवढं करा: उरलेली कोरडी फ्रॅक्शन छोट्या भागांत विभागून नायट्रोजनखाली -८० ला टाका, आणि डीएमएसओमधला जुना नमुना फेकू नका. जुन्या-नव्या नमुन्यांचे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही स्पेक्ट्रम आणि डीटीटीनंतरचा मास मिळाला की नेमकी वस्तुमानं चार दशांशांपर्यंत कळवा. स्पंजाची जात (स्पीशीज), निदान प्रजाती (जीनस), सोबत लिहा. सुडोसेराटिनासारखी ब्रोमिनवाली असेल तर मी सर्वात आधी सॅमाप्लिनच्या कुळात पाहीन.